ओल्या पायांची बाई

धंतोलीतल्या आमच्या जुन्या गल्लीविषयी लोक काय काय सांगतात, ते मी गेली वीस वर्षं ऐकते आहे. मे महिन्यात भर दुपारी तिथून एकट्याने जाऊ नये. गेलात तर मागून पाणी सांडल्याचा आवाज येतो. वळून पाहिलं तर कोणी नसतं, पण डांबरावर बाईमाणसाची ओली पावलं उमटलेली असतात आणि बघता बघता ती वाळून जातात. रिक्षावाले म्हणतात, तिने हाक मारली तर ओ देऊ नये. आता गल्लीच्या तोंडाशी एक दवाखाना झाला आहे. गेल्या वर्षी गुडघा दाखवायला गेले होते, तर तिथल्या नर्सने मला सांगितलं की ती बाई विहिरीत पडून मेली. मी त्या गल्लीत चौदा वर्षं भाड्याने राहिले आहे. तिथे विहीर नव्हतीच. तसं म्हटलं तर ती म्हणाली, "बुजवली असंल काकू, तुम्हाले माहीत नसंल." आणि मग इंजेक्शनची सुई उकळत्या पाण्यातून काढता काढता म्हणाली, "अंजना नाव होतं म्हणे तिचं."

गुडघ्याचं दुखणं त्या दिवशी मी विसरूनच गेले.

कारण ती गोष्ट मी रचली आहे. १९६५ च्या उन्हाळ्यात, कणीक मळता मळता, दोन मिनिटांत. आणि अंजना नावाची बाई विहिरीत वगैरे पडून मेली नाही. ती चांगली हाडामांसाची, कामाला वाघ असलेली बाई होती, आणि नर्सने तिला मारून टाकलं त्या दिवशीसुद्धा ती इमामवाडा वस्तीत आपल्या घरी जिवंत होती. तिच्याविषयी कोणी लिहिलेलं नाही, कोणी लिहिणारही नाही. म्हणून मी बसले आहे. मला लिहिण्याची सवय नाही, तेव्हा पुढेमागे झालं तर चालवून घ्या.

ज्यांनी कूलरच पाहिले, त्यांना तेव्हाचा नागपूरचा उन्हाळा सांगून कळायचा नाही. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळं दाबून बसवलेल्या ताट्या असत. मार्च संपला की त्या दारं-खिडक्यांवर बाहेरून बांधायच्या आणि दिवसभर त्यांच्यावर पाणी मारत राहायचं. ताटी ओली असली की आतली खोली गार. कोरडी पडली की तासाभरात भट्टी. आमच्या गल्लीत अकरा घरं होती, आणि अकरा घरांच्या ताट्यांवर पाणी मारण्याचं काम अंजनाबाईकडे होतं.

आता मी अंजनाबाई लिहिते. तेव्हा आम्ही सगळ्याच तिला नुसतं अंजना म्हणत असू, आणि ती माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी होती. ती मात्र मला, माझ्या सासूला, कालच लग्न होऊन आलेल्या शेजारच्या सुनेलाही "बाई" म्हणे. यात काही चुकतं आहे असं मला एकदाही वाटलं नाही, हेही सांगून टाकते.

उंच, काळीसावळी, नाकात काही नाही, कपाळावर काही नाही, पातळ नेहमी पोटऱ्यांपर्यंत खोचलेलं. नवरा कवडू मिलमध्ये होता, तो छातीच्या दुखण्याने घरी बसला होता. हिवाळ्यात ती संत्र्याच्या पेट्या भरायला जाई आणि उन्हाळ्यात आमच्याकडे. सकाळी अकराला गल्लीत शिरे, चार वाजता बाहेर पडे. दोन पत्र्याच्या बादल्या, एक डबा, आणि डोक्यावर ओलं केलेलं फडकं. पायांत चपला घालत नसे. रस्ता ओलांडायच्या आधी दोन्ही पायांवर डबाभर पाणी ओतून घेई आणि झपझप जाई. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "चप्पल भिजून घसरते बाई. अन् पाय ओले असले की चटका बसत नाही, तेवढ्यात मी तिकडं पोचते."

पाणी मारण्यात काय एवढं, असं वाटेल. पण ती नुसतं पाणी फेकत नसे. ताटीच्या वरच्या कडेने धार धरी, की पाणी मुळामुळांतून झिरपत खाली यावं. कोणती ताटी किती वेळात सुकते ते तिला पाठ होतं. पश्चिमेकडच्या खिडकीवर ती न सांगता दोनदा पाणी मारी. आम्ही आत अंधार करून जमिनीवर पडलेलो असू. अर्धवट झोपेत बाहेर पाणी झिरपल्याचा आवाज येई, मग वाळ्याचा वास, मग गार झुळूक. ती दिसायची नाही. चार-चार महिने ती आम्हाला झोपवत होती आणि तिचं तोंड आमच्यापैकी कित्येकींनी नीट पाहिलंही नसेल. व्हरांड्याच्या पायरीच्या आत ती कधी आली नाही. कोणी बोलावलं नाही आणि ती आली नाही.

माझी गोपिका तेव्हा सहा वर्षांची. दुपारी माझा डोळा लागला की ती सटकायची, कोपऱ्यावरच्या झाडाखाली कैऱ्या वेचायला. त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतलं एक मूल ऊन लागून गेलं होतं. मी तिला मारलं, कडी लावली, सगळं झालं. ती ऐकेना. मग एक दिवस कणकेचे हात धुता धुता म्हटलं, "जा खुशाल. बाहेर ओल्या पायांची बाई फिरते. तिच्या पावलावर आपलं पाऊल पडलं की माणूस तिच्यामागे चालत जातो, घरी परत येत नाही."

पोरीने ताटीच्या फटीतून बाहेर पाहिलं. डांबरावर ओली पावलं होतीच. तिच्या डोळ्यांसमोर ती वाळली. गुपचूप येऊन माझ्या कुशीत पडली आणि चार वाजेपर्यंत हलली नाही.

मी किती खूश झाले म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी शेजारणींना सांगितलं, त्यांनी आपापल्या पोरांना सांगितलं. आठ दिवसांत अकरा घरांतली सगळी पोरं दुपारची घरात. माझे यजमान मधुकरराव म्हणाले, "जे मास्तरांच्या छडीने होत नाही ते तुझ्या एका थापेने झालं." मी ते कौतुक कितीतरी दिवस मिरवलं. ओली पावलं अंजनाबाईची, हे आम्हा बायकांना माहीत होतंच. त्यात लपवण्यासारखं आहे असं कोणालाच वाटलं नाही, कारण त्यात काही वाईट आहे असंच वाटलं नाही.

पण गोष्ट गल्लीत राहिली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती शाळेतून फिरून परत आली तेव्हा तिला उलटे पाय लागले होते. त्याच्या पुढच्या वर्षी दूधवाला दुपारच्या दुधाला गल्लीच्या तोंडाशी थांबून घंटी वाजवू लागला. गडीमाणूस तो, मिशा राखणारा. आम्ही हसलो. नवीन आलेल्या भाडेकरणीने मला खाजगीत विचारलं, "ताई, या घरात काही आहे का हो?" तिलाही मी हसले, पण खरं सांगितलं नाही. आपली गोष्ट इतकी चालते आहे याची मला आतून ऐट वाटत होती.

एकदा बाहेरच्या गल्लीतली पोरं अंजनाबाईला खडे मारताना मी खिडकीतून पाहिली. मी ओरडले तशी पोरं पळाली. अंजनाबाईने बादली खाली ठेवली, पाठ चोळली, पुन्हा बादली उचलली. मला तेव्हा पोरांना थांबवून सांगता आलं असतं की बाबांनो, ही माणूस आहे, आणि ओल्या पायांची ती दुसरी कोणी नाहीच. पण मग माझी पोरं दुपारी बाहेर गेली असती. आणि अजून उन्हाळा अर्धा बाकी होता.

१९६९ च्या मे महिन्यात आमच्या घरमालकीण पार्वतीबाई यांची नात अमरावतीहून सुट्टीला आली. सात वर्षांची, हडकुळी, भित्री. आमच्या पोरांनी तिला पहिल्याच दिवशी ओल्या पायांची बाई ऐकवली. तिसऱ्या दिवशी दुपारी पार्वतीबाई निजलेल्या असताना ती अंगणात जाऊन खेळली, भर उन्हात तासभर तरी असेल. आत आली, तिने ताटीची कड वर करून बाहेर डोकावलं, आणि नेमकी त्याच वेळी पलीकडे अंजनाबाई पाणी मारायला वाकलेली. फडक्यातून गळणारं पाणी, वीतभर अंतरावर चेहरा. पोर किंचाळली ती बेशुद्धच पडली. संध्याकाळी अंग तव्यासारखं. बरळत होती, "ओले पाय, ओले पाय."

डॉक्टर आले. म्हणाले, ऊन लागलं आहे, पन्हं पाजा, अंग पुसत राहा, दोन दिवसांत बरी होईल. पार्वतीबाईंनी त्यांना चहा पाजला आणि ते गेल्यावर आम्हाला म्हणाल्या, "ऊन तं सगळ्याच पोट्ट्याइले लागते. हे ऊन नाही. ह्या अंजनाची नजर लागली."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अंजनाबाई आली. पार्वतीबाईंनी तिला आत बोलावलं. चार वर्षांत पहिल्यांदा ती पायरी चढून आत, थेट मधल्या खोलीत आली. आम्ही सात-आठ बायका होतो. पोर खाटेवर. शेजारी ताटलीत मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या आणि एक लिंबू.

पार्वतीबाई काही वाईट बोलल्या नाहीत. उलट हळूच, समजुतीने म्हणाल्या, "हे पाह्य अंजना, तुह्या मनात काही नसंल. पन ज्याची लागते त्यानंच काढली की उतरते. हे लेकरावरून तीन खेप उतरव, अन् तोंडानं म्हण, माही लागली असंल तं निघून जावो. एवढंच. मंग जाय आपल्या कामाले."

ती ताटलीकडे पाहत राहिली. म्हणाली, "लेकराले बरं वाटो. मी बसून अंग पुसतो तिचं, दिवसभर पुसतो. पन हे मी नाही करत."

"काहून नाही करत?"

"दीक्षा घेतली हाय बाई आमी, छप्पन साली. भूत, बाहेरचं, नजर, ते सारं सोडलं. शपथ घेऊन सोडलं. अन् माह्या तोंडानं म्हटलं, माही लागली, तं उद्या लोक मले काय म्हनतीन?"

पार्वतीबाईंचा चेहरा बदलला होता. "म्हणजे लेकराचा जीव गेला तरी चालंल, पन तुही शपथ मोडली नाही पायजे," त्या म्हणाल्या.

त्या वेळी एक वाक्य पुरे होतं. "पार्वतीबाई, ती बाईबिई काही नाही, गोपीने घरात बसावं म्हणून मी थाप मारली होती." इतकंच. ते माझ्या जिभेवर आलं होतं, खरं सांगते. पण पोर समोर तापाने फणफणलेली. तिच्या घाबरण्याला कारण कोण, ते सगळ्यांना कळलं असतं. आम्ही त्यांच्या घरात भाड्याने. मला भीती वाटली. आणि त्याहून खरं सांगायचं तर मला लाज वाटली, एवढ्या बायकांत. तेवढ्यात सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या, आणि कोणीतरी काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून मी बोलले.

मी म्हटलं, "करून टाक ना वं अंजना. एवढंसं तर आहे. काय जाते तुझं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पायरी उतरून खाली गेली. बादल्या उचलल्या नाहीत, त्या पार्वतीबाईंच्या होत्या. स्वतःचा डबा तेवढा घेतला आणि गेली.

पोर तिसऱ्या दिवशी उठून आमरस जेवली. पण पार्वतीबाईंनी सगळ्या घरी सांगितलं, आणि अकराच्या अकरा घरांनी तिचं काम बंद केलं. आम्हीही. दुसरा एक माणूस आला, तो दुपारी झोपून राही. ताट्या सुकायच्या, आम्ही तडफडायचो, आणि मी मनात म्हणायचे, बरं झालं, भोग आता. कवडू त्याच पावसाळ्यात गेल्याचं नंतर कानावर आलं. तो तसाही जाणारच होता, असं मी स्वतःला समजावलं. पुढे तीन-चार वर्षांत घरोघर कूलर आले. मग मी असंही समजावलं की ते काम तसंही जाणारच होतं. अशी समजावणी मी पुष्कळ केली. मी त्यात तरबेज आहे.

तिच्याकडे जावं असं मनात कितीदा आलं. दिवाळीला फराळ घेऊन, गोपीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. धंतोलीहून इमामवाडा काही काशी नाही, अर्ध्या तासाची वाट. सोळा वर्षांत ती माझ्याने चालवली नाही. जर त्या नर्सने नाव घेतलं नसतं तर अजूनही गेले नसते. पण जिवंत बाईचं नाव घेऊन लोक पोरांना झोपवतात हे ऐकल्यावर मला घरात बसवेना.

वस्तीत विचारत विचारत गेले. घर पक्कं होतं, विटांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, दोन्हींना ताजा हार. अंजनाबाई खाटेवर बसून तूर पाखडत होती. केस पांढरे, नजर अधू झालेली. मी नाव सांगितलं तर लगेच ओळखलं. "गोपीची आई," म्हणाली, आणि नातीला हाक मारून चहा टाकायला सांगितला. नात टायपिंग शिकत होती. खुर्ची मला दिली. मी तिच्या घरात अशी सहज आत जाऊन बसले.

तिने गोपीचं विचारलं, मधुकररावांचं विचारलं. ते गेल्याचं कळल्यावर हळहळली. मला ते सगळं सहन होईना. मी मध्येच म्हटलं, "अंजनाबाई, ती गोष्ट मी रचली होती. ओल्या पायांची बाई. गोपीने उन्हात जाऊ नये म्हणून. माझ्यामुळे तुमचं काम गेलं. ते सांगायला आले आहे."

"माहीत हाय मले," ती म्हणाली.

मला वाटलं मी नीट बोलले नाही. पण ती हसत होती.

"पहिल्याच उनाळ्यात गोपीनं सांगतलं. मी पानी मारून राहिली होती तं फटीतून इचारे, ओल्या पायाची बाई तूच काय वं? माह्या आईनं सांगतलं, बाहेर आली तं घेऊन जाशीन म्हने. मी म्हटलं, हो, मीच. तुही माय बराबर सांगते. निंगली बाहेर तं धरूनच नेईन. लय हासली मी त्या दिवशी. घरी जाऊन यायले बी सांगतलं, कवडूले. पोट्टे उन्हात मरन्यापेक्षा मले भेले तं काय बिघडते?"

तूर पाखडायचं तिने थांबवलं नव्हतं. म्हणजे त्या दिवशी मधल्या खोलीत, ताटलीसमोर उभी असताना, तिला सगळं माहीत होतं.

मी विचारलं, "मग तेव्हा सांगितलं का नाही? माझं नाव का नाही घेतलं?"

"मी काहून घेऊ? तुमी उभ्या होत्या ना तिथं."

नातीने चहा आणून ठेवला आणि ती पुन्हा आत गेली. अंजनाबाईने सूप बाजूला सरकवलं.

"पार्वतीबाईचा राग नाही धरला मी," ती म्हणाली. "तिले खरंच वाटून राहिलं होतं, का मी लेकराले काही केलं. ज्याले खरं वाटते त्याच्यावर काय राग धरता? तुमाले तं माहीत होतं. तुमी म्हटलं, करून टाक."

मी माफी मागायला गेले होते. ती मागण्याचं धैर्य झालं नाही. चहा प्यायले, कपबशी आत नेऊन ठेवू लागले तर तिने ठेवू दिली नाही, आणि दारापर्यंत मला सोडायला आली.